लाइन आली का?

पौषातली रात्र. विहिरीवर मोटरच्या पेटीपाशी घोंगडी पांघरून बसलो होतो. या आठवड्यात ओलिताची पाळी रात्रीची होती. दिवसाची पाळी असली की माणूस माणसासारखा जगतो; रात्रीची असली की गव्हाच्या वाफ्यात टॉर्च मारत, परड साप कुठे वेटोळं करून पडला आहे का ते बघत पाऊल टाकावं लागतं. दहा वाजून गेले, साडेदहा झाले, स्टार्टरवरचा दिवा काही लागेना. तेवढ्यात घरून मायचा फोन आला.

"लाइन आली का रे?"

"नाही आली वं."

"मंग थंडीत बसून कायले राह्यला? लाइन आली का जाशीन."

"मी घरी आलो न् लाइन आली तं? अर्धं वावर कोरडं हाय."

"गावातबी लाइन नाही. लाइनमनले फोन लावून पाह्यला का?"

फोन ठेवला आणि लक्षात आलं, मिनिटभराच्या बोलण्यात आम्ही मायलेकांनी लाइन हा शब्द पाच वेळा वापरला. आमच्या गावात ईज आभाळातून पडते. तारेतून येते ती लाइन. लाइन येते, जाते, कमी होते, झटका देते. "लाइनीत दम नाही" म्हणजे व्होल्टेज उतरलं. माय शाळेची पायरी चढली नाही, पण हा शब्द तिच्या तोंडी भाकरी, पाणी, सरपण या शब्दांच्या पंगतीला बसलेला आहे. त्याला कुणी इंग्रजी म्हटलं तर तिला नवल वाटेल.

शब्दाच्या मुळाशी जाऊन बघायची मला जुनी खोड आहे. शेकोटीत दोन पऱ्हाट्या सरकवल्या आणि मोबाइलवर इंग्रजीचा व्युत्पत्तिकोश उघडला. लाइन या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'लिनेआ' या शब्दात, असं तिथे दिलं होतं. लिनेआ म्हणजे लिनमचा धागा. आणि लिनम म्हणजे? ते वाचून मी घोंगडी टाकून उठलोच. लिनम म्हणजे जवस.

टॉर्च धुऱ्याकडे फिरवला. गव्हाच्या कडेनं मायनं जवसाचे चार तास, म्हणजे चार ओळी, पेरलेले होते, घरच्या चटणीपुरते. काडीसारखी बारीक झाडं थंडीत दवानं ओली झाली होती. जवसाचं निळं फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की पाकळ्या गळतात, त्यामुळे रात्री बघायला कळ्या आणि हिरवी बोंडं तेवढी. एक काडी उपटली आणि मधोमध मोडली. मोडली, पण तुकडे वेगळे झाले नाहीत. सालीतला केसासारखा एक चिवट धागा दोन्ही तुकड्यांना धरून राहिला. खालचा तुकडा त्याला लटकून टॉर्चच्या उजेडात हळूहळू गरगर फिरत होता.

मायनं ज्या गोष्टीसाठी फोन केला होता, तिचं नाव या धाग्यावरून पडलं आहे. डोक्यावरून जाणाऱ्या तारांत त्या वेळी लाइन नव्हती, हातात होती.

आपल्याला जवस म्हटलं की बी आठवतं. तपकिरी, चपटं, बोटांतून निसटणारं. तव्यावर तडतडवायचं, लाल मिरची, लसूण, मीठ घालून उखळात कुटायचं, वर तेल घेऊन भाकरीशी खायचं. पूर्वी आमच्याकडे फोडणीलाही जवसाचंच तेल असे. पण युरोपात आणि इजिप्तमध्ये हे झाड आधी धाग्याचं, मग बियांचं. कापूस तिकडे पोचायच्या कितीतरी आधीपासून माणसं जवसाच्या काडीतून धागा काढून कापड विणत होती. त्या कापडाचं नाव लिनन. इजिप्तमधल्या ममी ज्या पट्ट्यांत गुंडाळल्या आहेत त्या लिननच्या. जॉर्जिया देशातल्या एका गुहेत रानटी जवसाचे पीळ दिलेले तंतू सापडले, त्यांतले काही रंगवलेले. ते तीस हजार वर्षांहून जुने असल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं. म्हणजे शेती सुरू व्हायच्या खूप आधी कुणीतरी रानातली काडी मोडली, तिचे तुकडे असेच लटकत राहिले आणि त्या माणसानं तो धागा ओढून बघितला.

१७५३ साली लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं या झाडाचं शास्त्रीय नाव ठरवलं, लिनम युसिटॅटिसिमम. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ अतिशय उपयोगी. आपल्या धुऱ्यावरच्या चार तासांना हे नाव मिळालेलं आहे, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

आता धाग्याची रेघ कशी झाली? हे कोशात दोन शब्दांत आटोपलेलं असतं. मला मात्र ते कोशात शोधावं लागलं नाही, मी ते लहानपणी आमच्या अंगणात बघितलं आहे.

बाबांनी नवी तिफण करायला घेतली होती. वाढईकाका बाभळीचं लाकूड घेऊन सकाळीच आले. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. त्यांनी पिशवीतून एक सुती दोरी काढली, गेरूच्या पाण्यात बुडवून पिळली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "धर बाबू. ढिल्लं नको सोडू." मी दोन्ही हातांनी ते टोक लाकडाच्या या कडेला दाबून धरलं, त्यांनी दुसरं टोक त्या कडेला. दोरी ताणली गेली. मग त्यांनी ती मधोमध दोन बोटांच्या चिमटीत वर उचलली आणि सोडली. फट्ट असा आवाज झाला, माझ्या तोंडावर लाल शिंतोडे उडाले. दोरी उचलली तेव्हा लाकडावर खालपासून वरपर्यंत एक सरळ लाल रेघ उमटलेली होती. दोरी त्यांनी पिशवीत टाकली. रेघ लाकडावर राहिली.

लॅटिन बोलणाऱ्या सुतारांनी आणि गवंड्यांनीही हेच केलं. त्यांचा ताणलेला धागा म्हणजे लिनेआ, आणि धागा उचलल्यावर मागे राहिलेली खूणही लिनेआच. इंग्रजीत हा शब्द दोन वाटांनी शिरला. एकीकडे जुन्या इंग्रजीत तो दोर या अर्थानं होताच, दुसरीकडे फ्रेंचांकडून तो रेघ या अर्थानं आला. दोन्ही वाटांच्या मुळाशी जवसाची काडी. पुढे त्या एका शब्दात दोन्ही अर्थ इतके मिसळले की इंग्रजी बोलणाऱ्यालाही आता धागा कुठे संपतो आणि रेघ कुठे सुरू होते ते सांगता येणार नाही.

आपल्या भाषेत याचीच बहीण बसलेली आहे. वाढईकाकांच्या त्या दोरीला ते 'सूत' म्हणत. सूत म्हणजे धागा आणि सूत म्हणजे ती सरळ रेघही. "सुतात घे," असं ते म्हणायचे, म्हणजे रेघेत आण. सुतार हा शब्द सूत्रधार या शब्दावरूनच आला, सूत धरणारा. त्यांच्या फुटपट्टीवर इंचाचे आठ भाग, त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. आणि इंग्रजीतही जुन्या मापात इंचाचा बारावा भाग म्हणजे एक लाइन! हे वाचलं तेव्हा मला खरोखर गहिवरून आलं. हजारो मैलांवरचे दोन सुतार, एकाच्या हातात जवसाचा धागा, एकाच्या हातात कापसाचा. एकमेकांचं तोंड न बघता दोघांनी आपापल्या धाग्याचं नाव मापाला दिलं.

तेव्हापासून गावात लाइन ऐकली की मला प्रत्येक ठिकाणी ती ताणलेली दोरी दिसायला लागली आहे.

आमचं गाव दारव्ह्याच्या बाजूचं. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी शकुंतला आमच्या शिवाराजवळून जायची. अडीच फुटांच्या रुळांवरची ती गाडी कापूस वाहायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, एका इंग्रजी कंपनीनं घातलेली. इथला कापूस तिच्यावरून मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला. गाडी काही वर्षांपासून बंद आहे, रुळांत तरोटा माजलेला असतो, तरी त्या जागेला सगळे लाइनच म्हणतात. "आमचं वावर लाइनीच्या पल्याड." स्टेशनाच्या मोठ्या गावांत तर लाइनपार नावाची आख्खी वस्ती असते. त्या काळी इथून कापसाबरोबर जवसही परदेशी जायचं, तिकडे त्याचं तेल रंगात आणि लाकडाला लावायला लागायचं. जवसाच्या नावाच्या लाइनीवरून जवसाचीच पोती गेली असणार, आणि भरणाऱ्याला किंवा उतरवणाऱ्याला त्याचा पत्ता नसणार.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा लाइनी कुठे आहेत ते मी शोधत होतो. नुसते बंगले आणि झाडं. छावणीत तंबू, बराकी, घोड्यांचे खुंटे दोरी लावून एका ओळीत मांडायचे, त्यावरून लष्कराच्या वस्तीला लाइन्स म्हणायला लागले. साहेब लोकांच्या वस्तीला सिव्हिल लाइन्स, शिपायांच्या चाळींना पोलीस लाइन. नाव राहिलं, दोरी उचलून नेली.

शिंपीदादा मायला विचारतो, "काकू, लायनिंग लावाचं का?" ब्लाउजला आतून लावायचं अस्तर पूर्वी लिननचं असे, म्हणून ते लायनिंग. धरणाच्या कालव्याला आतून सिमेंट लावतात तेही लायनिंग. जिनिंगमध्ये सरकी काढून उरते ती रुई, व्यापारी तिला लिंट म्हणतात. लिंट हे मुळात कातायला तयार केलेल्या जवसाच्या तंतूचं नाव. कापसानं जवसाचं राज्य घेतलं आणि त्याचं नावही अंगावर चढवलं. आमच्यासारख्या कपाशीच्या मुलखात हे रोज घडतं आहे, कापसाच्या प्रत्येक गाठीवर.

डेडलाइनचं मूळ मात्र ऐकवत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६४ साली अँडरसनव्हिलच्या तुरुंगात भिंतीच्या आत एक कुंपणाची रेघ आखलेली होती. कैद्यानं ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. ती डेडलाइन. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली आणि पोरं "आज डेडलाइन हाय" म्हणत धावायला लागली की मला ते कैदी आठवतात. शब्द वापरू नका असं मी कुणाला म्हणणार नाही, पण मी स्वतः 'शेवटची तारीख' म्हणतो.

आणि रांग. लाइन म्हटल्यावर आमच्या पिढीला आधी आठवते ती कापसाची लाइन. १९७२ साली राज्यात एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस फक्त सरकारनं घ्यायचा, त्यानंतरच्या हंगामांत खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांची लाइन लागायची. बाबांबरोबर मी तीन दिवस त्या लाइनीत काढले आहेत. बैल सोडून जू टेकवून ठेवलेल्या गाड्या, गाडीखाली चुलीचे तीन दगड, पालवात बांधलेल्या भाकरी. पुढची गाडी हलली की हाकाटी व्हायची, बैल जुंपायचे, दहा हात पुढे, पुन्हा सोडायचे. रात्री बाबा कापसावर झोपायचे आणि मी त्यांच्या कुशीत. वर चांदणं, आणि कापसाला दिवसभराच्या उन्हाची ऊब. त्या लाइनीत बाबांची एका अनोळखी माणसाशी ओळख झाली, पुढे त्याच्याच घरी माझ्या बहिणीचं लग्न जमलं. लाइनीत हाल होते, हे मी नाकारत नाही. पण त्या लाइनीला माणसं होती. आता सगळं ऑनलाइन, आणि नोंदणीसाठी एकेक जण मोबाइल उंच धरून गच्चीवर एकटा उभा असतो.

एक लाइन अशी की तिची दोरी मला आजवर दिसलेली नाही. दारिद्र्यरेषा. ही पॉव्हर्टी लाइनचं मराठी रूप. गावात तिला नुसतं 'रेषा' म्हणतात. "ते रेषेखाली हायेत, आम्ही वर." एका भिंतीची दोन घरं, दोन्ही कुडाची, दोन्हींची चूल एकाच वेळी पेटते, एका घरी पिवळं कार्ड, दुसऱ्या घरी केशरी. वाढईकाकांच्या दोरीची दोन्ही टोकं कुणाच्या तरी हातात असायची, एक माझ्या हातात होतं. या दोरीची टोकं कुणी धरली आहेत ते गावातून दिसत नाही, आणि रेघ मात्र भिंतीच्या मधोमध उमटलेली असते. शेजारच्या काकूनं एकदा मला विचारलं होतं, "बाबू, ते रेषा आमच्या घरावरून कधी गेली रे?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

तरुण पोरांची लाइन वेगळी. ती मारतात, ती जुळते. म्हातारी माणसं नाकं मुरडतात, पण त्यांचंही 'सूत जुळलं' होतंच की. आपल्याकडे सूत जुळतं, तिकडची लाइन इकडे येऊन जुळते. पुन्हा तेच दोन धागे.

संस्कृतात जवसाला अतसी म्हणतात, त्यावरूनच अळशी. क्षुमा हेही त्याचं नाव, आणि क्षुमेच्या धाग्याचं वस्त्र ते क्षौम. म्हणजे आपल्याकडेही कधीतरी ही काडी सडवून, झोडपून, कातून लोक नेसत होते. महाभारतातल्या स्तुतीत गोविंदाला 'अतसीपुष्पसंकाशं' म्हटलं आहे, जवसाच्या फुलासारखा निळा. हे वाचल्यावर मी मायला सांगितलं. ती म्हणाली, "मंग! फुलावर आलेलं जवस कधी पाह्यलं का सकायी? देव असाच दिसत असन." धागा आपण विसरलो, बी ठेवलं. आता बीही जायला लागलं आहे. सोयाबीन निघालं की हरभरा, ही जोडी बसली आणि जवस वावरातून उठून धुऱ्यावर गेलं. भंडारा-गोंदियाकडे धान उभं असतानाच बांधीतल्या ओलीवर जवस, लाखोळी फेकायची रीत आहे, आणि नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून जवसाचे नवे वाण निघत आले आहेत. आमच्या शिवारात मात्र जवसाचा सलग पट्टा मी कित्येक वर्षांत बघितलेला नाही. निळा पट्टा वाऱ्यावर हलताना तळं असल्यासारखं वाटायचं.

होळीच्या सुमारास मायनं जवस उपटलं, वाळवलं, झोडपलं. बी डब्यात गेलं. काड्या ती चुलीपाशी नेत होती, मी एक पेंढी मागून घेतली. "कायले पाह्यजे तुले?" मी म्हटलं, धागा काढून बघतो. तिनं माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि लगेच कामाला लागली. "अंबाडी सडवतो तसंच कराचं मंग. टाक्यात टाक, वरून गोटा ठेव."

अंबाडीचं तिला सगळं ठाऊक. लहानपणी नाल्यात पेंढ्या दाबून सडवल्या, वाख सोलला, मांडीवर दोर वळले. जवसाची पेंढी टाक्यात आठ दिवस राहिली. पाण्याला वास सुटला, शेजाऱ्यांनी विचारलं. नवव्या दिवशी तिनं एक काडी काढून बोटात मोडली, साल सुटते का ते बघितलं, म्हणाली, "झालं." धुऊन, वाळवून आम्ही दोघं ओसरीवर बसलो. काडी चुरगाळायची, भुसा झटकायचा, धागे हाती राहतात. आपलं जवस बियांचं. झाड ठेंगणं, वर फांद्या फुटलेलं, त्यामुळे धागा आखूड निघतो. युरोपातलं धाग्याचं जवस उंच, बिनफांद्यांचं असतं. तरी मूठभर निघाला. फिक्या सोनेरी रंगाचा, म्हातारीच्या केसांसारखा. मायनं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, मांडीवर तळहातानं पीळ देत देत, आखूड धाग्याला आखूड धागा जोडत, दोन हात लांब दोरी वळली.

ती घेऊन मी वाढईकाकांकडे गेलो. त्यांची नजर आता अधू आहे, हात मात्र चालतो. दोरी त्यांनी बोटांनी चाचपली, नाकाशी नेली.

"कायची हाय?"

"जवसाची, काका."

"जवसाची?" त्यांनी पुन्हा चाचपली. मग नातवाला हाक मारली, "गेरू आण रे."

खाटेच्या जुन्या गाताचं लाकूड अंगणात पडलेलं होतं. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. "ढिल्लं नको सोडू, बाबू." त्यांनी मधोमध चिमटीत धरून उचललं आणि सोडलं. फट्ट. लाकडावर दोन हात लांब लाल रेघ उठली, एका बाजूला थोडी फुटलेली, बाकी सरळ. दुसऱ्यांदा उचलली तेव्हा जोडावर दोरी तुटली. काकांनी माझ्या बाजूचा तुकडाही मागून घेतला, दोन्ही तुकडे एकमेकांना बांधले आणि आपल्या हत्याराच्या पिशवीत ठेवून दिले.

तेवढ्यात आत पंखा फिरायला लागला. त्यांचा नातू दारातून ओरडला, "आबा, लाइन आली!"